सत्कार माझा, जेवण यशवंत अण्णांचं

निपाणी, गुरुवार

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं. चार दिवसांचा प्रवास होता. पुण्याहून निपाणी, तिथून बेळगाव, तिथून बेळगुंदी. हवा छान, रस्ता छान, जेवण तर विचारूच नका. तरी परत आले ती दात-ओठ खात.

धंदा माझा डीजेचा. मी इलेक्ट्रॉनिक संगीत बनवते आणि वाजवते. दिवसभर खोलीत बसून ठोक्यांवर ठोके रचायचे आणि मग लोकांसमोर उभं राहून ते दोन-दोन तास एकमेकांत मिसळत न्यायचे. गोव्यात वाजवलंय, बेंगळुरूत वाजवलंय, दोनदा परदेशात जाऊन आलेय. बारा वर्षं यावरच पोट भरतेय. मुलाखत घेणारे सगळे एकच विचारतात, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी बारा वर्षं एकच उत्तर देत आले. कुणी नाही, स्वतःच शिकले. ऐकायला लई भारी वाटतं. लहान गाव, एकटी मुलगी, एक कॉम्प्युटर. टाळ्या पडतात. आणि ते साफ खोटं आहे.

मला शिकवलं निपाणीच्या यशवंत अण्णांनी. त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत कारकून होते. मी चौदा वर्षांची असताना घरचा टेप बिघडला, तो टाकायला अण्णांच्या दुकानात गेले आणि पुढची चार वर्षं रोज संध्याकाळी तिथंच बसले. घरी सांगायची, कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. कारण दुकान बौद्ध गल्लीत होतं आणि आम्ही बेळगुंदीचे शेतकरी मराठे. घरात कुणी तोंडानं काही बोलायचं नाही. पण त्या गल्लीत पाणी प्यायचं नाही, हे कुणी न शिकवताच मला पाठ होतं. मी तिथं पाणी प्याले, चहा प्याले, अण्णांच्या बायकोच्या हातची भाकरी खाल्ली आणि घरी जाऊन वर पुन्हा जेवले.

दोन टेप शेजारी ठेवून दोन गाण्यांचे ठोके जुळवायला अण्णांनी शिकवलं. एका टेपच्या मोटरला त्यांनी एक बटण जोडलं होतं. ते फिरवलं की कॅसेट जोरात पळायची नाहीतर रेंगाळायची. "कानानं धर. डोळ्यानं बगू नगंस," म्हणायचे. "दोन बायका एका उखळात कांडत्यात न्हवं? एकीचं मुसळ खाली, दुसरीचं वर. तसं बसाय पायजे." आज माझ्यापुढं लाखाची यंत्रं असतात. काम हेच असतं.

पहिली मुलाखत झाली तेव्हा आप्पा अजून निपाणीतच नोकरीला होते. अण्णांचं नाव घेतलं असतं तर क्लासचं बिंग फुटलं असतं, म्हणून घेतलं नाही. पुढं आप्पा निवृत्त होऊन गावी गेले, मी माझं कमवायला लागले, घाबरायचं काही कारण उरलं नाही. तरी खोटं चालूच राहिलं. दोन महिन्यांपूर्वी अण्णांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, मेसेज आला. "ताई, बाबांनी तुमची मुलाखत बघितली. 'मला कुणी शिकवलं नाही' हे त्यांनी मागं नेऊन परत ऐकलं." पुढं काही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास बेळगुंदीच्या एका तरुण मंडळाचा फोन आला. आपल्या गावची लेक म्हणून सत्कार करायचाय. मी म्हटलं, शाल नको, तासभर वाजवू द्या. ते म्हणाले, दोन्ही करू. म्हटलं, चला. जाता जाता अण्णांची माफी मागू, त्यांना स्टेजवर शेजारी बसवू, माईकवरून नाव घेऊ. माझ्या मनात सगळं झकास जुळलं होतं.

हायवे निपाणीच्या अंगावरून जातो आणि जाणाऱ्यांतल्या निम्म्यांना निपाणी दिसतही नाही. उतरून आत शिरा. पाट्या कानडीत, बोलणं मराठीत आणि नाकात तंबाखूचा खकाणा. नव्या माणसाला तीन शिंका ठरलेल्या. इतक्या वर्षांनी मलाही आल्या, त्याचाही मला राग आला. घराघराच्या उंबऱ्याशी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा मारायचा. बोलणं थांबत नाही आणि हातही थांबत नाहीत. पुण्यात मी लोकांना ताल शिकवण्याच्या कार्यशाळा घेते. त्या बायकांपुढं घेतली असती तर हसल्या असत्या.

अण्णांच्या दुकानात आता पंखे आणि मिक्सर दुरुस्तीला येतात. मागं ताडपत्रीखाली त्यांनी स्वतः बनवलेले मोठे स्पीकर उभे होते. एके काळी त्यांचा साऊंड पंचक्रोशीत फिरायचा. मग मंडळं बोलवेनाशी झाली, कारण नारळ. आपल्याकडं साऊंड सुरू करायच्या आधी त्याला हळदकुंकू लावतात आणि नारळ फोडतात. अण्णा ते करू देत नाहीत. बौद्ध माणूस, पूजा करत नाही, आणि दुसऱ्यानं आपल्या पेट्यांची केलेली त्याला चालत नाही.

"वायरीला कुक्कू लावून आवाज येत न्हाय," ते आजही म्हणाले. "जोड पक्का पायजे." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून, "बस. च्या घेतीस?"

रागावणं नाही, काही नाही. मी बसले. चहा आला. मी म्हटलं, "अण्णा, मी चुकले. मुलाखतीत तुमचं नाव घेतलं नाही."

"एकीत?"

"सगळ्यांत."

"हां." त्यांनी पंख्याचा एक स्क्रू काढून बशीत ठेवला.

मग मी माझा बेत सांगितला. रविवारी बेळगुंदीला चला, स्टेजवर माझ्या शेजारी खुर्ची, शाल तुम्हाला, नाव माईकवरून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शाली चार हायत घरात. दर जयंतीला एक येती," ते म्हणाले. "आन् स्टेजवर कुनीबी बशीवतंय गं. इलेक्शन आलं की हाताला धरून बशीवत्यात. मला तुज्या घरात जेवाय बोलीव."

"एवढंच?"

"एवढंच. वाजवनं ऐकाय येतो मी, मागं हुभा ऱ्हातो. मग तुज्या घरात जेवतो. चार वरसं तू माज्या घरात जेवलीस, मी एकदा तुज्यात जेवतो. मग घे नाव, कुटंबी घे."

मला हसू आलं, सुटल्यासारखं. जेवायलाच तर बोलवायचंय! केवढी मी शहाणी.

बेळगाव, शुक्रवार

बेळगावात उतरलं की कुंदा घ्यायचाच. पुण्यात मिळणारा कुंदा हा कुंदा नव्हे, ती दुधाची वडी. इथला मऊ, दाणेदार आणि रंगानं तांबूस असतो. मी अर्धा किलो घरासाठी घेतला, पाव किलो रस्त्यात उभ्या उभ्या संपवला. रिक्षावाल्याशी मी मराठीत बोलले, तो कानडीत बोलला, भाडं आम्ही हिंदीत ठरवलं आणि दोघांचंही समाधान झालं. पुण्यात एकाच भाषेत बोलूनही रिक्षावाल्याशी माझं कधी जमलेलं नाही.

प्रज्ञा इथं वकिली करते. तिला मी शेवटची बघितली तेव्हा ती दप्तर घेऊन दुकानाच्या पायरीवर पाढे म्हणायची. आता काळा कोट, हातात फायली, आणि वेळ म्हणाल तर वीस मिनिटं. कोर्टाजवळच्या हॉटेलात बसलो. तिनं माझ्या कुंद्याला हात लावला नाही.

"ताई, मी स्पष्ट बोलते," ती म्हणाली. "तुम्ही नाव घेतलं नाही, त्याचा बाबांना राग नाही. मला आहे. तुमचं ते गाणं गाजलं, त्यातला खालचा आवाज, छातीत बसतो तो. मुलाखतीत तुम्ही म्हणालात, एका जुन्या मशीनचा आहे. ती बाबांची स्पीकरची पेटी आहे. आईनं त्या पेटीसाठी बांगड्या मोडल्यात."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

"ठाऊक आहे, हेच तर वाईट आहे."

तिचं म्हणणं खरं होतं. मी तिला रविवारच्या जेवणाचं सांगितलं, तिनंही यावं म्हटलं. ती पहिल्यांदा हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

"बेळगुंदीला? तुमच्या घरात? मी नाही येत. मी आले तर भांडीन आणि बाबांना जेवू देणार नाही. बघा तुम्हीच."

"आता तसं काही राहिलं नाही प्रज्ञा," मी म्हटलं. खरंच म्हटलं असं. पुण्यात राहून माणसाला असली वाक्यं सुचतात.

बेळगुंदी, शनिवार

बेळगावच्या पश्चिमेला निघालं की माती तांबडी होत जाते आणि हवेला गारवा येतो. भाताची खाचरं, काजूची झाडं, रताळ्याचे वेल. बेळगुंदीत शिरताना माझं तोंड दिसलं. दहा फूट उंच, फ्लेक्सवर, कपाळावर ठसठशीत टिकली आणि अंगात हिरवी नऊवारी. माझ्या गोव्याच्या फोटोवर कुणीतरी कॉम्प्युटरवर साडी चढवली होती. खाली "गावची कन्या, संगीतसम्राज्ञी." डीजे हा शब्द कुठंच नाही. मंडळाच्या अध्यक्षांना, बाळूला, विचारलं तर म्हणाला, "आक्का, बायकामाणसाच्या नावाम्होरं डीजे बरं दिसत न्हाय." मी बोलणार होते पण उद्याच्या तासाकडं बघून गिळलं.

घरी आईनं रताळी उकडली होती, वर तूप आणि गूळ. ती खाताना माणूस कुणावर रागावू शकत नाही. खाऊन झाल्यावर मी आई-आप्पांना सगळं सांगितलं. क्लास खोटा होता, चार वर्षं कुठं जात होते, काय शिकले, कुणाचं खाल्लं. मला वाटलं वीज पडेल. आप्पा म्हणाले, "मला ठावं हुतं."

"काय?"

"निपानी केवडी आनि लपनार किती? तू शिकतीयास म्हनून गप ऱ्हायलो."

म्हणजे बारा वर्षं ज्या भीतीपायी मी खोटं बोलले ती भीतीही फुकटची. मला रडू आलं, मग त्या रडण्याचा राग आला. मी डोळे पुसले आणि जेवणाचं विचारलं.

"बोलीव की," आप्पा लगेच म्हणाले. "बेळगावात चांगल्या हाटेलात मटन खाऊ घालू रेडिओवाल्याला."

"हॉटेलात नाही आप्पा. घरात."

"मग घरात," ते म्हणाले. त्यांनी आईकडं बघितलं.

"येऊ दे की," आई म्हणाली. "आता कोन पाळतंय असलं? किती मानसं हुतील?"

मी म्हटलं, पाच-सहा. आई मान हलवून मसाला वाटायला गेली. मी अण्णांना फोन केला, उद्या घरातच जेवायचं, आईनं होय म्हटलंय. आणि चांगली गाढ झोपले.

बेळगुंदी, रविवार

सकाळी अकरा वाजता मी आयुष्यात कधी वाजवलेलं नाही. आमचा धंदा अंधारातला, दिव्यांचा. इथं शाळेचं पटांगण, लखलखीत ऊन, पुढं सतरंजीवर शाळेतली मुलं, मागं खुर्च्यांवर टोपीवाले आजोबा, कडेला पदर तोंडावर धरून बायका. अण्णा ठरल्याप्रमाणं पार मागं, आंब्याच्या झाडाखाली, खांद्याला त्यांची हत्यारांची पिशवी. ती पिशवी ते लग्नालाही नेतात.

आधी शाल, मग भाषणं. चौघं बोलले, एकूण दीड तास. चौघांपैकी एकानंही माझं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. एक जण म्हणाला, पोरींनी हिच्यासारखं संस्कार जपून पुढं जावं. मला उठून ओरडावंसं वाटलं. मग एकदाची माझी पाळी आली. मी यंत्रांपाशी गेले, हात पुसले, आणि तेवढ्यात बाळू नारळ घेऊन धावत आला.

"आक्का, थांबा! नारळ ऱ्हायला!"

मी "बाळू, तिथं नको" म्हणेपर्यंत त्यानं नारळ माझ्या मिक्सरच्या, म्हणजे गाणी एकमेकांत मिसळायच्या यंत्राच्या, कोपऱ्यावर हाणला. एका फटक्यात फुटला, त्याचं त्याला कौतुक. पाणी मिक्सरच्या सगळ्या फटींतून आत. एकदा चर्र झालं आणि त्याचे सगळे दिवे विझले.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शाळेतली मुलं खूश झाली. बाळू हात जोडून उभा, "देवाचं पानी हाय आक्का, कायबी हुनार न्हाय" म्हणतोय. साऊंडवाला म्हणतोय, आता कार्यक्रम गेला. तोवर अण्णा झाडाखालून चालत स्टेजवर आलेसुद्धा होते. कुणाला विचारलं नाही. मिक्सरची वीज काढली, तो उलटा केला, खोलला.

"केस वाळवायचं यंत्र आना कुनाचं तर," ते म्हणाले. एका नव्या नवरीचं आलं. पाऊण तास त्या उन्हात मांडी घालून अण्णा एकेक पट्टी स्पिरिटनं पुसत होते, वाळवत होते, काळा पडलेला एक जोड त्यांनी परत डाग देऊन पक्का केला. मी बॅटरी धरून बसले होते, चौदा वर्षांची असताना धरायचे तशी. ते मध्येच पुटपुटले, "बग, तुज्या देवाचं पानी."

"माझा नाही तो देव."

"मग कुनाचा?" ते म्हणाले आणि हसले. त्या दिवशी ते एकदाच हसले.

मिक्सर चालू झाला. मी वाजवलं. पहिली दहा मिनिटं सगळे बघत बसले. मग एक आजी उठली, कमरेला पदर खोचला आणि झिम्म्याची पावलं टाकायला लागली, आणि तिच्यामागं बायकांची रांगच उठली. माझ्या ठोक्यावर झिम्मा, भर उन्हात! पुण्यात लोक तिकीट काढून येतात आणि हातात ग्लास धरून मान हलवतात. या बायका घाम गाळून नाचल्या. त्या एका तासासाठी मी सगळ्यांना माफ करायला तयार होते.

शेवटी मी माईक घेतला आणि अण्णांचं नाव घ्यायला तोंड उघडलं. त्यांनी लांबूनच बोट हलवलं. आधी जेवण. माईक आप्पांनी घेतला. आप्पा कधी माईकवर बोलत नाहीत. म्हणाले, "आज यशवंतरावांनी गावाची लाज राखली. यशवंतराव, आज आमच्या घरात जेवून जायाचं!" टाळ्या काय, शिट्ट्या काय. कालपर्यंत रेडिओवाला होते, आज यशवंतराव. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

घरी अंगणात मांडव घातला होता. आत उकडतंय म्हणून बाहेर, असं आई म्हणाली. अण्णा, आप्पा, बाळू, मंडळातले दोघं आणि मी. मटणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत. आई वाढायला आली आणि तिनं सगळ्यांपुढं कागदी ताटं मांडली. पाणी प्लास्टिकच्या ग्लासात.

आता हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरात शंभर माणसं जेवतील इतकी स्टीलची ताटं आहेत. प्रत्येकावर आप्पांचं नाव कोरलेलं. आईला कागदी ताट आवडत नाही, रस्सा गळतो म्हणते, बारशालासुद्धा ती कागद आणू देत नाही. आज एक नवं बंडल फोडलेलं होतं, त्याचं प्लास्टिक चुलीजवळ पडलं होतं. आणि सगळ्यांना सारखंच. अण्णांना कागद, आप्पांना कागद, अध्यक्षांना कागद, मला कागद. कुणाला बोट दाखवायला जागा नाही. जेवल्यावर सगळं खड्ड्यात, घासायचं काही नाही, परत फडताळात ठेवायचं काही नाही. किती विचार केला असेल तिनं रात्रभर!

मी आईकडं बघितलं. ती भाताकडं बघत होती.

आणि मी गप्प बसले. ही वाघीण, जी बाळूला पटांगणात भर सभेत शिव्या घालते, ती गप्प बसली. माणसं समोर आहेत, अण्णांचा घास अडेल, आईची शोभा होईल, अशी कारणं माझ्याजवळ तयार होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. अण्णा सावकाश जेवले. "रस्सा झ्याक झालाय वैनी," म्हणाले. जेवण झाल्यावर त्यांनी ताटाची घडी घातली, विचारलं "कुटं टाकू?" आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच खड्ड्यात टाकून आले.

त्यांना बसपर्यंत सोडायला मी गेले. फाट्यावर आम्ही दोघंच होतो.

"कळलं न्हाय व्हय तुला?" त्यांनी विचारलं.

"कळलं."

"कवा?"

"वाढतानाच."

"मग?"

मी बस येतीय का बघायला लागले. अण्णांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तू चौदा वर्साची हुतीस तवा गप बसलीस. ते मी धरत न्हाय. लेकरू हुतीस. आजचं धरतो."

"अण्णा..."

"तुजी आई निदान घाबरतीया. तुला कुनाची भीती हाय?" ते शांतपणे बोलत होते, म्हणून जास्त लागत होतं. "आता नाव घ्याचं असंल तर घे. पर निम्मं सांगू नगंस. शिकीवलेलं सांगशील तर जेवलेलंबी सांग."

बस आली. ते चढले. खिडकीतून त्यांनी हात केला नाही.

घरी आले तर माजघरात बाळू आणि मंडळातले दोघं चहा पीत बसले होते. स्टीलच्या पेल्यातून. आत उकडत नव्हतं.

मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. बाळू पेला अर्धा टाकून उठला. आप्पा म्हणाले, "आवाज कमी कर. घरात बोलावला, मांडीला मांडी लावून जेवलो, अजून काय पायजे तुला?" मी म्हटलं, ताट पाहिजे होतं आप्पा, तुमच्या नावाचं ताट. ते उठून मळ्याकडं निघून गेले. आई चुलीपुढं बसून राहिली. तिथूनच म्हणाली, "काडली हुती गं ताटं. पुसून ठेवली हुती. वाढाय घेतलं आन् हात फुडं जाईना."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची दया आली आणि तिच्या त्या हातांचा संतापही आला. दोन्ही एकदम आलं. मी बॅग उचलली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघाले.

पुणे, नंतर

आल्यावर पंधरा दिवसांत इथल्या एका पॉडकास्टवाल्यानं बोलावलं. हुशार मुलगा, मऊ आवाज. त्यानं तोच प्रश्न विचारला, तुम्हाला कुणी शिकवलं? मी सगळं सांगितलं. निपाणी, दुकान, दोन टेप, पेटी, प्रज्ञाच्या आईच्या बांगड्या, नारळ, आणि मग जेवण. कागदी ताटं, आईचा हात, माझं गप्प बसणं. त्यानं पाणी दिलं, म्हणाला, खूप ताकदीचं आहे.

एपिसोड आला. अण्णांचं नाव आहे, पूर्ण, यशवंत दत्तू कांबळे. त्याखाली हळुवार संगीत लावलंय. नारळाचा किस्साही आहे, त्यावर दोघं हसलोय. आणि तिथून थेट माझ्या पुढच्या दौऱ्याची माहिती. जेवण नाही. मी फोन करून विचारलं तर म्हणाला, "फ्लो तुटत होता, आणि श्रोत्यांना उगाच अस्वस्थ वाटलं असतं. तुमच्या आई-वडिलांचाही विचार केला." माझ्या आई-वडिलांचा विचार करायला हा कोण?

अण्णांना फोन लावला.

"ऐकलं," ते म्हणाले. "नाव नीट घेतलंस."

"जेवणाचं त्यांनी कापलं, अण्णा. मी सांगितलं होतं."

"त्यांनी कापलं. आन् तू?"

फोन ठेवला आणि लिहायला बसले. मला यंत्रांचं कळतं, लिहिण्याचं फारसं कळत नाही, पण इथं कापणारं मध्ये कुणी नाही. आणि यावेळी कुणाला नंतर म्हणायला नको म्हणून छापायला देण्याआधी सगळं बेळगुंदीला पाठवलं. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी आप्पांचा फोन आला.

"वाचलं," ते म्हणाले. "आईला बी वाचून दावलं. रडली."

आता म्हणतील, हे काढ, ते काढ. मी भांडायला तयार होते.

"तू गप बसून दोन भाकरी खाल्ल्यास, ते लिवलंयस न्हवं?"

"लिहिलंय आप्पा."

"मग छाप," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.